हंगामी गोठणाऱ्या जमिनीवरील रस्त्याच्या नुकसानीचा अंदाज: लडाखच्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

महाराष्ट्रात रस्त्याचे आयुष्य पावसाळ्यावर मोजले जाते, आणि त्यामुळे आपल्याकडे शिकलेला अभियंता लडाखमध्ये गेला की सवयीने पाऊस किती पडतो हेच आधी विचारतो. लेहमध्ये वर्षाला साधारण १०० मिलिमीटर एवढाच पाऊस व हिम मिळून पडतो, आणि हा आकडा ऐकून रस्त्याला पाण्याचा धोका नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तिथल्या रस्त्याला पाणीच मारते. मात्र ते पाणी आधी गोठते, गोठताना खालून आणखी पाणी ओढून घेते आणि वसंतात एकदम सुटते. सीमा सडक संघटनेच्या ग्रेफ दलाचे (रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांच्या दलाचे) प्रशिक्षण केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला आहे. तिथून वर जाणाऱ्यांना, तसेच थंड प्रदेशातील रस्त्यांवर काम करणाऱ्या इतर मराठी अभियंत्यांना उपयोगी पडावी अशी ही पद्धत क्रमाने मांडत आहे.

या लेखातील मुख्य आग्रह एकच आहे. अशा प्रदेशात वर्षभराच्या सरासरीवर नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही. तो वितळणीच्या काही आठवड्यांवर बांधावा लागतो, कारण बहुतेक नुकसान त्या आठवड्यांतच होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या आशो रोड टेस्टमध्ये (राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने घेतलेल्या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीत) डांबरी तुकड्यांची बरीचशी मोडतोड वसंत ऋतूत झाली, हे तेव्हाच दिसून आले होते. तरीही आजही अनेक अहवालांत बारा महिन्यांसाठी एकच सीबीआर (मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचे माप) वापरलेला आढळतो.

आधी यंत्रणा नीट समजून घ्यावी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि म्हणून रस्ता वर उचलला जातो, हे सर्वांच्या तोंडी असलेले स्पष्टीकरण अपुरे आहे. स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठवली. बेंझिन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे उचल मुख्यतः प्रसरणामुळे नसून, गोठणाऱ्या पातळीकडे खालचा द्रव सतत ओढला जाऊन तिथे शुद्ध बर्फाचे आडवे पापुद्रे तयार होतात त्यामुळे आहे. हे पापुद्रे केसाएवढे बारीक असू शकतात किंवा बोटभर जाडही असू शकतात.

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पुरेशी थंडी, पाण्याचा पुरवठा आणि ते पाणी वर ओढू शकणारी माती. यांपैकी एक काढून घेतली की उचल थांबते. वाळूत पाणी सहज हलते, पण ओढ नसते. चिकणमातीत ओढ जबरदस्त असते, पण पाणी फार हळू हलते. दोन्ही गुण पुरेसे असणारी माती म्हणजे बारीक पोयटा, आणि म्हणून तीच सर्वांत घातक ठरते.

वसंतात वितळण वरून सुरू होते. काळे डांबर ऊन शोषते, त्याखालचे खडीचे थर आधी सैल होतात, परंतु त्यांच्या खाली अजून गोठलेली जमीन असते. सुटलेल्या पाण्याला खाली जाता येत नाही, आणि साइडपट्टीवर हिमाचा ढीग असल्याने तीही गोठलेलीच राहते, त्यामुळे बाजूलाही जाता येत नाही. परातीत साचावे तसे पाणी रस्त्याच्या पोटात साचते, आणि त्यावरून ट्रक जातात.

पहिली पायरी: रस्त्याचे तुकडे पाडणे

पूर्ण रस्त्यासाठी एकच अंदाज देण्याचा मोह टाळावा. मनालीहून लेहला जाणारा मार्ग बारालाचा खिंडीत सुमारे ४,८९० मीटर आणि तांगलांग खिंडीत ५,३०० मीटरच्या वर जातो, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. उंची, माती, पाणी आणि ऊन या चार बाबींपैकी एकही बदलली की नवा तुकडा धरावा.

ऊन ही बाब नकाशावर सहसा कोणी नोंदवत नाही, म्हणून तिच्यावर जास्त भर देतो. अरुंद दरीत उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरचा रस्ता हिवाळाभर सावलीत राहतो, तर पुढच्याच वळणानंतर तोच रस्ता दिवसभर उन्हात असतो. पहिल्या तुकड्यात गोठण खोल जाते आणि वितळण उशिरा येते. दुसऱ्यात भर हिवाळ्यातही दुपारी वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. दोन्ही जागी नुकसान होते, पण वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या प्रकारचे. जानेवारीतील एका निरभ्र दिवशी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी रस्त्याची छायाचित्रे घेऊन सावलीची सीमा नकाशावर काढावी.

माती पाहताना नदीकाठच्या गोट्यांच्या थरांमुळे फसू नये. लामायुरू आणि स्पितुक येथे प्राचीन सरोवरांच्या तळाशी साचलेला बारीक गाळ आहे. प्रवासी त्या पिवळट टेकड्यांची छायाचित्रे काढतात. रस्त्याच्या दृष्टीने मात्र तो थर शंकास्पदच धरावा. डोंगरातून पाझरणारे पाणी, झरे, आणि दुपारी हिम वितळून फुगणारे नाले जिथे रस्त्याला मिळतात ती प्रत्येक जागा नोंदवावी. एकूण पाऊस कमी असला तरी हा स्थानिक पुरवठा उचल घडवण्यास पुरेसा असतो.

एक मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या बरेच खाली असलेल्या उंच खिंडींत जमीन बारमाही गोठलेली असू शकते. लेहची वार्षिक सरासरी पाच-सहा अंश सेल्सिअस धरली आणि उंचीनुसार दर किलोमीटरला साडेसहा अंश घट मानली, तर सुमारे ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग खिंडीत ती उणे सहाच्या आसपास येते. तिथले प्रश्न वेगळे आहेत आणि पुढील पद्धत तिथे जशीच्या तशी लावू नये.

दुसरी पायरी: थंडी मोजणे

थंडीचे माप म्हणजे गोठण निर्देशांक. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करत जावी. शून्याखालचे दिवस वजा, शून्यावरचे दिवस अधिक. हा आलेख शरद ऋतूत सर्वोच्च बिंदू गाठतो आणि हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत खाली येतो. या दोन बिंदूंमधील फरक म्हणजे त्या हिवाळ्याचा निर्देशांक, एकक अंश सेल्सिअस-दिवस. आखणीसाठी सरासरी हिवाळा घेऊ नये. अमेरिकी लष्करी अभियंत्यांची रूढ पद्धत म्हणजे तीस वर्षांतील सर्वांत थंड तीन हिवाळ्यांची सरासरी, आणि तेवढी नोंद नसेल तर दहा वर्षांतील सर्वांत थंड हिवाळा.

भारतीय हवामान विभागाची लेह येथील नोंद हा उत्तम आधार आहे, परंतु रस्त्याच्या बहुतेक लांबीवर वेधशाळाच नाही. अशा ठिकाणी ईआरए५-लँडसारखी संगणकीय पुनर्रचित नोंद वापरता येते. ती साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी असते आणि लडाखमध्ये नऊ किलोमीटरमध्ये दरी आणि शिखर दोन्ही मावतात. म्हणून त्या चौकोनाची सरासरी उंची आणि रस्त्याची प्रत्यक्ष उंची यांतील फरकानुसार दुरुस्ती केल्याशिवाय ते आकडे वापरू नयेत. ही दुधाची तहान ताकावर भागवणे आहे हे लक्षात ठेवून, शक्य तिथे एक साधा तापमापक लॉगर एक हिवाळाभर रस्त्याकडेला ठेवावा आणि दुरुस्ती पडताळावी.

हवेचे तापमान आणि रस्त्याच्या पृष्ठाचे तापमान एक नसते. हिम काढलेल्या डांबरी किंवा काँक्रीट पृष्ठासाठी हवेच्या निर्देशांकाला सुमारे ०.७ ते ०.९ ने गुणण्याची रीत आहे. हिमाखाली झाकलेल्या जमिनीसाठी हा गुणक बराच कमी होतो, कारण हिम हे उत्तम उष्णतारोधक आहे. यातून निघणारा परिणाम गैरसोयीचा आहे: जो रस्ता हिवाळाभर हिम काढून खुला ठेवला जातो त्याच्या पोटात गोठण अधिक खोल जाते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीला लाहौलशी जोडणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलमधील रस्ते हिवाळ्यातही वापरात राहू लागले आहेत. माझ्या मते, तिथे बोगद्याआधीच्या वर्षांतील नुकसानीच्या नोंदींवरून पुढचा अंदाज काढणे आता धोक्याचे आहे. वाहतूकही बदलली आणि जमिनीतील थंडीही.

निर्देशांकाबरोबर गोठण-वितळण चक्रेही वेगळी मोजावीत: ज्या दिवशी कमाल शून्याच्या वर आणि किमान शून्याच्या खाली असते तो एक दिवस. लेहला मार्च आणि नोव्हेंबरमध्ये असे दिवस भरपूर असतात. उन्हातल्या काळ्या पृष्ठावर हवेचे कमाल तापमान शून्याखाली असतानाही चक्र पूर्ण होऊ शकते, म्हणून हा आकडा हवेवरून काढला तर कमीच भरतो.

तिसरी पायरी: गोठण किती खोल जाते

सर्वांत सोपे सूत्र भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टीफन यांचे (वर आलेले स्टीफन टेबर वेगळे):

खोली = वर्गमूळ (२ × ८६,४०० × उष्णतावाहकता × पृष्ठगुणक × गोठण निर्देशांक ÷ सुप्त उष्णता)

यात सुप्त उष्णता म्हणजे एक घनमीटर मातीतील पाणी गोठवण्यासाठी काढावी लागणारी उष्णता: ३,३४,००० ज्यूल × ओलाव्याचे प्रमाण × कोरडी घनता. उदाहरण म्हणून निर्देशांक ६००, पृष्ठगुणक ०.७ आणि उष्णतावाहकता १.८ धरू. कोरडी घनता १,९०० किलो प्रति घनमीटर आणि ओलावा ८ टक्के असेल, तर सुप्त उष्णता सुमारे ५ कोटी ८ लाख ज्यूल येते आणि खोली १.६० मीटर. तीच उष्णतावाहकता ठेवून घनता १,७०० आणि ओलावा १५ टक्के केला तर खोली १.२४ मीटरवर येते.

या दोन उत्तरांवर थोडे थांबावे. ओल्या मातीत गोठण कमी खोल जाते, आणि नवखा अभियंता ते चांगले लक्षण समजतो. पण ओल्या तुकड्यात प्रत्येक घनमीटरमागे गोठलेले पाणी १५२ किलोवरून २५५ किलोवर गेले आहे, आणि वसंतात सुटणारे तेच आहे. खोलीचा आकडा एकटा धोका सांगत नाही.

स्टीफन यांचे सूत्र गोठलेली आणि न गोठलेली माती थंड होण्यास लागणारी उष्णता विचारात घेत नाही, त्यामुळे खोली जास्त दाखवते. सुधारित बर्गग्रेन पद्धतीत याकरिता एकापेक्षा लहान गुणक लावला जातो. लेहसारख्या ठिकाणी प्राथमिक अंदाजासाठी ०.८ धरण्यास हरकत नाही, म्हणजे वरील १.६० मीटरचे सुमारे १.३० मीटर होतात. थरागणिक वेगळे गुणधर्म असतील तर प्रत्येक थराला लागणारा निर्देशांक वरून खाली वजा करत जावा. यासाठी साधी स्प्रेडशीट पुरते.

आता हा आकडा रस्त्याच्या एकूण जाडीशी ताडून पाहावा. आयआरसी ३७ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या आखणीच्या मार्गदर्शिकेत) गोठणीचा धोका असलेल्या भागात, सीबीआरनुसार कमी जाडी चालत असली तरी, एकूण जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये असा सल्ला आहे. तो किमान आकडा आहे, संरक्षणाची हमी नव्हे. गोठण १.३० मीटर जात असेल तर ४५० मिलिमीटर जाडीखाली ८५ सेंटिमीटर सबग्रेड (रस्त्याच्या थरांखालची माती) गोठणारच, आणि ते सबग्रेड कसल्या मातीचे आहे यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

चौथी पायरी: माती किती संवेदनशील आहे

आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३१ मध्ये दिलेला निकष आजही पहिल्या चाळणीसाठी पुरेसा आहे. लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण वजनाने ३ टक्क्यांहून अधिक असतील, किंवा एकसारख्या कणांच्या मातीत ते १० टक्क्यांहून अधिक असतील, तर माती संशयित धरावी. अडचण अशी की, आपल्या प्रयोगशाळांत चाळणी सहसा ७५ मायक्रॉनवर थांबते आणि ०.०२ मिलिमीटरचा आकडा मिळतच नाही. त्यासाठी हायड्रोमीटर चाचणी (पाण्यात कण किती वेगाने खाली बसतात त्यावरून त्यांचा आकार काढणारी) स्पष्टपणे मागवावी लागते. हीच चाचणी सबबेसच्या (सबग्रेडवरच्या पहिल्या थराच्या) खडी-मुरुमावरही करावी. ट्रकखाली भरडली जाऊन खडीतील बारीक कण वाढतात, आणि बांधताना उत्तीर्ण झालेला थर काही वर्षांनी संशयित गटात जाऊ शकतो.

उचलीचा प्रत्यक्ष आकडा हवा असेल तर कॅनडातील कोनराड आणि मॉर्गनस्टर्न यांची पृथक्करण क्षमतेची (गोठण पातळीकडे पाणी ओढून बर्फाचे पापुद्रे बनवण्याच्या मातीच्या क्षमतेची) पद्धत वापरावी. रोजची उचल = १.०९ × पृथक्करण क्षमता × गोठण पातळीजवळचा तापमान-उतार. क्षमता १०० चौरस मिलिमीटर प्रति अंश-दिवस आणि उतार मीटरला ८ अंश धरला, तर रोज सुमारे ०.८७ मिलिमीटर, म्हणजे दोन महिन्यांत ५२ मिलिमीटर उचल येते. क्षमता प्रयोगशाळेत मोजावी लागते; वरच्या थरांचे वजन वाढले की ती घटते, म्हणून जाड रस्ता दोन प्रकारे मदत करतो.

सर्वत्र सारखी ५० मिलिमीटर उचल चालकाला जाणवणारही नाही. नुकसान होते ते फरकामुळे. मोरीच्या दोन्ही टोकांना, डोंगर कापलेला भाग संपून भराव सुरू होतो तिथे, आणि खडक संपून माती लागते तिथे अंदाजपत्रकात हमखास भेग धरावी. मोरीच्या आतून थंड हवा वाहते, त्यामुळे तिच्यावरची माती वरून आणि खालून दोन्हीकडून गोठते. हिवाळ्यात हिमाच्या ढिगामुळे कडा तुलनेने उबदार आणि मध्य उघडा राहिला, तर मध्य अधिक उचलला जाऊन रस्त्याच्या लांबीला समांतर भेग पडते. अशा उभ्या भेगेवर दरवर्षी डांबर ओतून समाधान मानणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाणी डोंगराच्या पोटातून येत असेल तर वरच्या बाजूचे खोल गटार हाच उपाय.

पाचवी पायरी: ऋतूनुसार ताकद आणि तिचे नुकसानीत रूपांतर

हा सर्व पद्धतीचा गाभा आहे आणि वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्यांत काटकसर करावी, यात नको.

प्रत्येक तुकड्यासाठी वर्षाचे चार काळ धरावेत: गोठलेला, वितळणीचा, सावरण्याचा आणि नेहमीचा. प्रत्येक काळासाठी सबग्रेडचे रेझिलियंट मॉड्युलस (भार येऊन गेल्यावर परत मूळ स्थितीत येण्यातील ताठरपणाचे माप) लिहावे. शक्य असेल तर ते फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने (वजन टाकून रस्ता किती दबतो हे मोजणाऱ्या यंत्राने) मोजावे, ज्याची कार्यपद्धती आयआरसी ११५ मध्ये दिली आहे. नसेल तर डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटरने (ठोकून जमिनीत घुसवायच्या शंकूच्या टोकाच्या सळईने) वितळणीच्या आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी एकाच जागी चाचणी घ्यावी. चार दिवस भिजवलेला सीबीआर वितळणीची स्थिती दाखवतो असे मानू नये. भिजवलेल्या नमुन्यात बर्फाच्या पापुद्र्यांनी माती उसवलेली नसते.

१९९३ च्या आश्टो (आशो संघटनेचे नंतरचे नाव) मार्गदर्शकातील नियम असा की, सापेक्ष नुकसान हे मॉड्युलसच्या उणे २.३२ घाताच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल गोठलेले ३ महिने १४० मेगापास्कल, वितळणीचा दीड महिना २० मेगापास्कल, सावरण्याचे अडीच महिने ४० आणि नेहमीचे ५ महिने ६० मेगापास्कल धरू. साधी सरासरी ७१ मेगापास्कल येते. नुकसानीच्या वजनाने काढलेले प्रभावी मॉड्युलस मात्र जेमतेम ४० येते. बारा महिन्यांतील दीड महिना एकूण नुकसानीचा ६२ टक्के वाटा उचलतो, आणि गोठलेले तीन महिने दीड टक्काही नाही.

हे गणित दर महिन्याला सारखी वाहतूक धरून आहे, आणि लडाखमध्ये तसे कधीच नसते. २०२३ मध्ये श्रीनगर-लेह मार्गावरील झोजिला खिंड १६ मार्चला उघडली. हिवाळाभर अडकलेला माल खिंड उघडताच वर निघतो, म्हणजे रस्ता सर्वांत दुबळा असतो त्याच आठवड्यांत त्यावर सर्वांत जड ट्रक येतात. वरील उदाहरणात हिवाळ्यातील वाहतूक पाचव्या हिश्शावर आणली आणि वितळणीतील दुप्पट केली, तर वितळणीचा वाटा ६२ वरून ७७ टक्क्यांवर जातो. म्हणून वर्षभरातील ॲक्सलची एकूण बेरीज निरुपयोगी आहे. चौकीवरील नोंदी आठवड्यागणिक मागाव्यात.

चाकोरी (चाकांच्या वाटेवर पडणारी खोलगट चर) आणि जाळीदार भेगा यांचा वेगळा अंदाज हवा असेल तर आयआरसी ३७ च्या २०१८ च्या आवृत्तीतील सूत्रे वापरावीत. त्यांत चाकोरीचे आयुष्य सबग्रेडच्या माथ्यावरील उभ्या स्ट्रेनच्या (भाराखाली होणाऱ्या विकृतीच्या) ४.५३३७ घाताच्या व्यस्त प्रमाणात, आणि भेगांचे आयुष्य डांबरी थराच्या तळाशी असलेल्या ताणाच्या स्ट्रेनच्या ३.८९ घाताच्या व्यस्त प्रमाणात धरले आहे. वितळणीत उभा स्ट्रेन दीडपट झाला तर एका ॲक्सलचे नुकसान सव्वासहा पट होते, दुप्पट झाला तर तेवीस पट. आयआयटीपेव्ह हा रस्त्यातील स्ट्रेन काढणारा संगणक-प्रोग्राम प्रत्येक काळासाठी वेगवेगळे मॉड्युलस घालून चालवावा, प्रत्येक काळातील ॲक्सलची संख्या त्या स्थितीत रस्ता एकूण सोसू शकेल अशा ॲक्सलसंख्येने भागावी आणि भागाकारांची बेरीज करावी. बेरीज एक होईल ते वर्ष म्हणजे अपेक्षित अखेर. वितळणीत केवळ सबग्रेडचे नव्हे, तर खडीच्या थरांचे मॉड्युलसही घटवावे. हे विसरले जाते आणि अंदाज आशावादी ठरतो.

डांबराच्या स्वतःच्या दुखण्यांबद्दल थोडक्यात. अतिथंडीत ताठर डांबर आकसून साधारण समान अंतरावर आडवे तडकते. म्हणून हिमप्रदेशात व्हीजी-१० सारखे मऊ डांबर सुचवले जाते. थरातील हवेच्या पोकळ्या सात-आठ टक्क्यांपेक्षा जास्त राहिल्या तर पाणी आत शिरते, प्रत्येक चक्रात गोठते आणि खडीवरून डांबर सुटून खड्डे पडतात. दुसऱ्या पायरीत मोजलेली चक्रे इथे कामी येतात: ज्या तुकड्यात चक्रे जास्त आणि घनता कमी, तिथे पहिले खड्डे.

सहावी पायरी: वितळण कधी सुरू होईल

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वसंतातील वजनमर्यादा कधी लावायची हे संचयी वितळण निर्देशांकावर ठरते. रोजच्या सरासरी तापमानातून एक संदर्भ तापमान वजा करून बेरीज केली जाते, आणि अंदाजानुसार ती २५ अंश फॅरनहाइट-दिवस, म्हणजे सुमारे १४ अंश सेल्सिअस-दिवस, ओलांडणार असे दिसले की मर्यादा जाहीर होते. संदर्भ तापमान शून्य नसते. फेब्रुवारीपासून ते शून्याखाली धरले जाते आणि आठवड्यागणिक आणखी खाली आणले जाते, कारण ऊन प्रखर होत जाते तसे हवा शून्याखाली असतानाही डांबराखाली वितळण सुरू होते.

हे आकडे उचलून लडाखला लावू नयेत. मिनेसोटा ४५ अंश अक्षांशाच्या आसपास आणि बऱ्याच कमी उंचीवर आहे. लेह ३४ अंशांवर, विरळ हवेत आणि निरभ्र आकाशाखाली आहे. तिथे वितळण हवेच्या तापमानावरून वाटते त्याहून आधी सुरू होईल असेच धरले पाहिजे. किती आधी, हे मोजूनच कळते. त्यासाठी डांबराखाली ५, ३०, ६०, ९० आणि १२० सेंटिमीटरवर तापमापक बसवावेत, किंवा स्वीडनमध्ये रूढ झालेली स्वस्त नळी वापरावी: पारदर्शक नळीत मेथिलीन ब्लूचे पाणी भरून ती जमिनीत उभी सोडतात, आणि गोठलेला भाग रंगहीन दिसतो. नळी वर काढून निळा आणि पांढरा भाग पट्टीने मोजला की वरून किती वितळले आणि खाली किती गोठलेले उरले हे एका मिनिटात कळते.

उपकरणे नसतील तर दुपारी तीनच्या सुमारास रस्ता चालत पाहावा. चाकाच्या वाटेवरील बारीक भेगांतून ट्रक गेल्यावर दुधट पाणी वर येते, आणि ते सुकल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना राखाडी पोयट्याची कड उरते. अशी कड दिसली की खालचे बारीक कण पाण्याबरोबर उपसले जात आहेत आणि तो तुकडा वितळणीच्या काळात शिरला आहे. सकाळी हीच भेग कोरडी आणि घट्ट दिसते, म्हणून सकाळची पाहणी या कामासाठी निरुपयोगी आहे.

निर्णय घेताना आकडे पुढे ठेवावेत. आपल्या उदाहरणात, सारख्या वाहतुकीच्या गृहीतकावर, वितळणीच्या दीड महिन्यातील जड वाहतूक निम्मी करून उरलेली नेहमीच्या महिन्यांत हलवली, तर वर्षाचे नुकसान सुमारे २८ टक्क्यांनी घटते. वाहतूक थांबवणे शक्य नसेल, आणि सीमेवर ते बहुधा शक्य नसते, तर ॲक्सलचे वजन कमी करावे: वजन पाचव्या हिश्शाने घटवले की चौथ्या घाताच्या नियमाने (नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात) प्रत्येक ॲक्सलचे नुकसान सुमारे ४१ टक्क्यांवर येते, मात्र तोच माल नेण्यासाठी फेऱ्या वाढतील त्या हिशेबात धराव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे ताफे पहाटे काढणे. वितळणीच्या पहिल्या आठवड्यात रात्री वरचे थर पुन्हा गोठतात आणि सकाळी नऊ-दहापर्यंत रस्त्याला हिवाळ्यातील बरीचशी ताकद असते. नंतरच्या आठवड्यांत हा फायदा राहत नाही, कारण रात्रीची गोठण केवळ वरच्या काही सेंटिमीटरपुरती उरते.

सातवी पायरी: अंदाज तपासणे

पहिल्या वर्षाचा अंदाज चुकेल हे गृहीत धरूनच काम करावे. प्रत्येक तुकड्यासाठी वितळणीपूर्वी, वितळण संपताच आणि ऑक्टोबरमध्ये अशा तीन वेळा चाकोरीची खोली, भेगांची लांबी आणि खडबडीतपणा मोजावा. वर्षातून एकदाच, तीही उन्हाळ्यात, मोजणी केली तर नुकसान कोणत्या काळात झाले हे कळत नाही आणि पाचव्या पायरीतील गृहीतके तपासता येत नाहीत.

अंदाज आणि मोजणी जुळली नाहीत तर आधी ओलावा तपासावा, मग वितळणीचा कालावधी, आणि मॉड्युलसला हात सर्वांत शेवटी लावावा. बऱ्याचदा तफावत एखाद्या तुंबलेल्या मोरीमुळे किंवा शेताच्या पाटातून शरद ऋतूत साइडपट्टीखाली मुरलेल्या पाण्यामुळे असते, आणि मॉड्युलस ओढूनताणून जुळवले तर ती जागा कायमची दडून जाते. ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठण्याआधी, प्रत्येक संशयित तुकड्यात सबग्रेडपर्यंत एक खड्डा घेऊन ओलाव्याचा नमुना बंद डब्यात घ्यावा. पुढच्या एप्रिलच्या अंदाजासाठी संपूर्ण वर्षातील कोणत्याही एका मोजणीपेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो, कारण हिवाळ्यात जे पाणी गोठणार आहे त्याचा मोठा भाग तेव्हा रस्त्याखाली आधीच येऊन बसलेला असतो.